अनुसयेचा बाटला

सुरतेच्या डिंडोलीत ऑक्सिजनचा बाटला हातगाडीवरून एखाद्या घरात शिरला, की गल्ली त्याचा एकच अर्थ लावते. अनुसयाबाईंच्या घरात तो मंगळवारी शिरला. शेजारच्या भागीरथीने तडक एसटीडी बूथ गाठून गावी कळवलं, "अनुसयाला ऑक्सिजन लावला. काय ते बघून घ्या."

गावाने बघून घेतलं. बुधवारी दुपारी साडेतीनला त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर दगाआबा दारात हजर. सोबत दोन बाया, गंगाजळाची लोटी, तुळशीची पानं आणि पिशवीत पांढरं कापड. कापड घेऊन सुरतेला येणारा हा पहिलाच माणूस असावा.

अनुसयाबाई गहू निवडत बसल्या होत्या. पाहुण्यांचा जरा हिरमोडच झाला.

"काय वं, तू त चांगली शे!" एक बाई तक्रारीच्या सुरात म्हणाली.

चांगली होती, चारपर्यंत. नऊ वर्षं, दर हिवाळ्यात दीड महिना, रोज दुपारी चारला उजव्या डोळ्यामागे कुणीतरी तापलेली सळई फिरवायचं. डोळा गळायचा, नाक वाहायचं, आडवं होणंसुद्धा जमायचं नाही. दोन तास त्या खोलीत येरझाऱ्या घालत भिंतीवर कपाळ आपटायच्या. त्यापायी दोन धडधाकट दाढा उपटून झाल्या, चष्मा झाला, लिंबू उतरवून झालं, आबांनी स्वतः भगताकडे नेऊन झालं. डोकेदुखीने मात्र गिरणीच्या भोंग्यासारखी वेळ पाळली. शेवटी एका डॉक्टराने उपटण्याआधी विचारपूस केली आणि सांगितलं, कळ सुरू झाली की लगेच ताठ बसायचं, मास्क लावून पंधरा मिनिटं ऑक्सिजन घ्यायचा. आणि जवळपास आग नको, काडीसुद्धा नको. मंगळवारी त्यांनी तसं केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच हिवाळ्यातले साडेचार त्यांनी बसून पाहिले.

हे त्यांनी पदराआडून, भिंतीकडे बघत सांगितलं. जेठाशी तोंडावर बोलायची रीत नव्हती.

"डोकं दुखतं म्हणून ऑक्सिजन?" आबा म्हणाले. "हा बाटला ज्याच्या घरात आला, त्याला घेऊनच गेला. मी हातगाडी थांबवून ठेवलीय. आत्ता परत जाईल." आणि आलोच आहोत तर रीत पुरी करावी म्हणून त्यांनी समई लावून उशाशी ठेवायला घेतली. उशी नव्हती, म्हणून बाटल्याशी.

चार वाजले.

डोळ्यामागे सळई शिरली. अनुसयाबाईंनी मास्क उचलला. त्याचा पट्टा डोक्यामागून घ्यावा लागतो आणि पदर काही त्याखाली राहत नाही. त्यांनी पदर खाली टाकला. बाया "अगं बाई!" म्हणाल्या. अनुसयाबाईंनी लग्नानंतरच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा जेठाच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यातला एक लाल होता आणि गळत होता.

"आबा, दिवा बाहेर."

"अगं, पेटवलेली समई..."

"बाहेर! नाहीतर मी नाही मरणार, तुम्ही मराल. सगळेच मराल. मी मरी नही राह्यनू, समजलं? आणि बाटल्याला हात लावाल तर याच पान्याने बोटं मोडीन."

पाना खरोखर त्यांच्या हातात होता. आबा समई घेऊन बाहेर गेले. बाया त्यांच्याही पुढे गेल्या. बाटल्याची चावी फिरली, हवा सुस्कारली.

पंधरा मिनिटं गल्लीने आबांना बघितलं. मरणाऱ्यासाठी लावलेला दिवा विझवायचा नसतो, खाली ठेवायला जागा नव्हती आणि तेल भरपूर होतं. गाडीवाल्याने दोनदा विचारलं, "काका, बाटलो लेवानो छे के नही?" आबांनी ज्योतीला हाताचा आडोसा केला.

सव्वाचारला अनुसयाबाईंनी चावी बंद केली, खिडकी उघडली, तोंड धुतलं आणि दारात आल्या. डोक्यावर पदर नव्हता, मास्कही नव्हता.

"गाडी जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चहा भागीरथीकडे घ्या. बातमी तिनेच दिली होती, आता चूलही तिचीच. उद्या राहणार असाल तर चारला पुन्हा बसायचंय मला. तेवढं दिव्याचं बघा."

आबांनी हातातल्या समईकडे पाहिलं. ती छान तेवत होती.