ये, बस, बोल

मी एक पाटी. लाकडाची, हातभर लांब, भिंतीवर टांगायची. पाटीने कसं, एकदा खिळ्याला अडकलं की धूळ खात स्वस्थ राहावं. माझ्या पायाला मात्र भिंगरी. आताही तुमच्याशी बोलतेय खरी, पण लक्ष सगळं दाराकडे आहे.

मूळची मी कपाटाची फळी. कपाट मोडीत निघालं तेव्हा घरातल्या लेकीने मला उचललं, घासून गुळगुळीत केलं, निळ्या रंगाचा हात दिला आणि वर पांढऱ्यात तीन शब्द काढले : ये, बस, बोल. कडेला एक छोटी खुर्चीही रंगवली. लोकांच्या घरांसाठी ती अशा पाट्या करायची. कोणाला दाराभोवती वेल हवी, कोणाला बाळाच्या खोलीत हत्ती आणि दोन प्रेमळ ओळी. स्वतःच्या घराच्या भिंती मात्र कोऱ्या. एक घड्याळ, एक कॅलेंडर, संपलं. हा वडिलांचा कायदा. ते कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाले तरी घरात त्यांची शिफ्ट काही संपली नव्हती.

लेकीने मला बैठकीत लावलं, तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय, दवाखान्यातली सूचना?"

"आपलं घर आहे बाबा, म्हणून लावलंय."

"घरात येऊन बसायला पाटी लागते? बँकेची परीक्षा सोडून फळ्या रंगवत बसलीस. लोक विचारतात, मुलगी काय करते. काय सांगू?"

"पाट्या रंगवते म्हणून सांगा."

"लाज वाटते मला सांगायला."

तोंडातून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ते लागलं असावं, कारण ते लगेच खिडकी बंद करायला गेले. वारा नव्हताच. थोड्याच दिवसांत लेकीने ब्रश आणि रंगाचे डबे गोळा केले, बाजारामागे एक गाळा घेतला आणि तिथेच राहू लागली. मला मुद्दाम मागे ठेवलं की विसरली, देव जाणे.

तेव्हापासून माझी वरात सुरू झाली. वडील बाहेर पडले की आई मला स्वयंपाकघरात लावायची. जिन्यात चपला वाजल्या की मी पिठाच्या डब्यामागे. कधी परातीखाली, कधी उशांच्या ढिगात. घरात माणसं दोन आणि लपंडाव एका फळीचा! मला भारी राग यायचा. 'ये' म्हणायचं ते कोणाला, डब्यातल्या पिठाला?

आई लेकीशी फोनवर बोलायची तेव्हा वडील पेपर आडवा धरून कान देऊन ऐकायचे. फोन ठेवला की विचारायचे, "कोण होतं?"

"कोण असणार?" आई म्हणायची. तेवढ्यावर बोलणं मिटायचं. वाटायचं, डब्यामागून उडी मारावी आणि दोघांच्या मध्ये जाऊन आपटावं.

मग एकदा घाईत आईने मला शेगडीजवळ उभं केलं. कुकरची वाफ थेट तोंडावर. 'ये' वाचलं, 'बस' वाचलं, 'बोल'चे मात्र पोपडे निघाले. नेमके तेव्हाच वडील पाणी प्यायला आत आले. आई मला पाठीमागे लपवायला गेली, पण उशीर झाला होता. त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"रंग उडालाय."

"टाकूनच देणार होते," आई म्हणाली. साफ खोटं!

"टाकायचं कशाला? ज्याचं काम त्याने दुरुस्त करावं. तो गाळा कुठे आहे म्हणालीस?"

आई तसं कधी म्हणालीच नव्हती. पत्ता मात्र तिने एका दमात सांगितला.

टॉवेलात गुंडाळून त्यांनी मला इथे, लेकीच्या गाळ्यात आणलं. लेक एका चित्रावर वाकली होती. तिने मान वर केली आणि ब्रश तसाच हातात राहिला.

"दुरुस्ती करता का?" त्यांनी विचारलं. पोटच्या पोरीला 'करता का'!

"ठेवा," ती म्हणाली. "वाळायला वेळ लागेल. उद्या या."

एक शब्द तो केवढा! हातासरशी लिहून झाला, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळलाही. दुसऱ्या दिवशी ते आले. "झाली?"

"अजून ओली आहे."

आता ते रोज येतात. स्टुलावर बसतात, तिची कामं न्याहाळतात, चहा पितात, हवा दमट आहे का ते विचारतात. त्यापुढे शब्द नाही. दोघं एकाच हाडाची! माझी आत नुसती तडफड होते. आणि भीतीही वाटते. ती 'वाळली' म्हणाली तर ते मला काखेत मारून निघून जातील, मग पुन्हा यायला निमित्त कुठलं?

काल ती रंग आणायला आतल्या बाजूला गेली. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या 'बोल'वर हळूच बोट टेकवलं. मग चांगलं घासून पाहिलं. बोटाला रंगाचा ठिपकाही लागला नाही.

तेवढ्यात ती परतली. तिने माझ्यावरचं ते बोट पाहिलं आणि आपलीच चोरी पकडली गेल्यासारखी दारातच थांबली.

"हवाच खराब आहे," ते म्हणाले आणि कोरडं बोट रुमालाला पुसत उठले. "ओलीच आहे अजून. उद्या येतो."

तर मंडळी, कधी या गाळ्यावरून जाणं झालं तर जरूर आत या. मला हात लावूनही बघा. फक्त एवढी कृपा करा, मी वाळलेय हे कोणाला सांगू नका.