गांडुळांना ऐकवलेला षड्ज

लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, असा पुरुषोत्तमशास्त्र्यांच्या घराण्याचा दंडक होता. परंतु अर्चनाचे घर केंब्रिजला होते, आणि पुण्याहून केंब्रिजला कोणी चार दिवसांकरिता जात नाही. म्हणून २००९ सालच्या वसंतात शास्त्रीबुवा आणि त्यांच्या पत्नी आसावरीबाई तेथे मुक्कामाला होते. जावई मिलिंद सौजन्याची मूर्ती होता. अडचण एवढीच की, त्याचे वडील माधवराव हेही त्याच सुमारास नागपूरहून येऊन राहिले होते.

माधवराव विधुर होते. आयुष्यभर त्यांनी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविले होते, आणि शास्त्रीबुवा ज्या भक्तीने आपल्या गुरूंचे नाव घेत, त्याच भक्तीने ते डार्विनचे नाव घेत. ते डार्विनच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते. ज्या नगरात तो शिकला, त्या नगरात त्याचा उत्सव चालला होता. माधवराव सांगत, की जगभर कीर्ती झाल्यावर, उतारवयात, हा पुरुष गांडुळांपाशी येऊन बसला. मातीच्या कुंड्यांत त्यांना पाळून, घरच्या माणसांकडून वाद्ये वाजवून, त्यांना ऐकू येते की नाही हे त्याने पाहिले. ज्याने सृष्टीविषयीचा एवढा मोठा वाद उभा केला, त्याने अखेरीस इतक्या क्षुद्र जीवापुढे मान लववावी, यात शास्त्रीबुवांनाही काही ऋषितुल्य वाटले होते.

माधवरावांनी तोच प्रयोग घरी मांडला आणि वाद्य वाजविण्यासाठी आसावरीबाईंना बोलाविले, तेव्हापासून मात्र त्यात ऋषितुल्य असे काही वाटेनासे झाले.

महाराष्ट्र मंडळाची पेटी मिलिंदच्या घरीच असे. शास्त्रीबुवांच्या प्रवचनांत चाळीस वर्षे आसावरीबाई त्यांच्या डाव्या हाताला बसून पेटीवर सूर धरीत आल्या होत्या. दुपारी ते नवे प्रवचन वाचून दाखवीत आणि त्या निवडणे-टिपणे करीत ऐकत. आता दुपारी त्या मागच्या काचेच्या खोलीत कुंड्यांपाशी असत. शास्त्रीबुवा पोथी उघडून बसत. भिंतीपलीकडून पत्नीचे हसणे ऐकू येई, आणि त्याच त्या ओळीवरून त्यांची दृष्टी पुनःपुन्हा फिरे.

एकदा जेवताना आसावरीबाई सांगू लागल्या, की गांडूळ पान बिळात ओढते ते निमुळत्या टोकाकडून. टोक कोणते हे त्याला चाचपून कळते. शास्त्रीबुवा म्हणाले, गांडुळांची कथा भातावर नको.

“शास्त्रीबुवा, भात तरी कुणाच्या कृपेनं पिकतो?” माधवराव म्हणाले.

आसावरीबाई पदराआड हसल्या. त्या हसण्याने शास्त्रीबुवांचा घास कडू झाला. षड्रिपूंपैकी पाच त्यांनी जिंकले होते, अशी त्यांची समजूत होती. सहाव्याची, मत्सराची, भेट मात्र त्यांना लेकीच्या घरी व्हायची होती.

पुढच्या रविवारी लंडनजवळच्या स्लाऊ गावी त्यांचे नादब्रह्मावर प्रवचन ठरले होते. त्याच रविवारी मिलिंद वडिलांना केंट परगण्यात, डार्विनच्या घरी नेणार होता. आसावरीबाईंनी शांतपणे सांगितले, की त्यांना डार्विनचे घर पाहायचे आहे.

प्रवचनाला त्या नाहीत, असे आजवर घडले नव्हते.  शास्त्रीबुवा म्हणाले, की पेटी हे जड वाद्य. त्याला कुंडीतले जीव ओ देत नाहीत यात नवल ते काय? साधनेने शुद्ध झालेल्या कंठाला चराचर ओ देते. गांडुळांनी त्यांच्या स्वराला ओ दिली, तर आसावरीबाईंनी स्लाऊला यावे.

माधवरावांनी थट्टा केली नाही. गांडुळांना उजेड खपत नाही, म्हणून त्यांनी पडदे ओढले, दिव्यावर लाल कागद लावला आणि कुंडीपुढे पाट ठेवला. गांडुळे बिळांतून अर्धी बाहेर येऊन मातीवर पसरली होती. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून खर्जातला ओंकार लावला. वयाने त्या कंठाचे काहीही हिरावले नव्हते. काचेचे तावदान बारीक थरथरले. सर्वांत जवळचे गांडूळ पानाची कड चाचपीत राहिले. त्यांनी स्वर चढविला. ते अधिक वाकले, कुंडीवर ओठ टेकावेत इतके वाकले, आणि जवळचे गांडूळ झर्रकन बिळात गेले.

“दिली ओ,” शास्त्रीबुवा म्हणाले. 

 आसावरीबाई पुढे आल्या.

“अहो, त्याला तुमचा श्वास लागला. वाऱ्याला ते फार भितं. थांबा.” त्यांनी आपला पदर पतीच्या मुखासमोर धरला. “आता म्हणा.”

शास्त्रीबुवांनी म्हटले. गांडूळ पुन्हा वर आले आणि स्वस्थ पडून राहिले. मग आसावरीबाईंनी कुंडी उचलून पेटीच्या माथ्यावर ठेवली, गांडुळे स्थिरावेपर्यंत वाट पाहिली, आणि खालचा षड्ज दाबला. क्षणात कुंडीतली सारी गांडुळे मातीत नाहीशी झाली.

“ऐकू येत नाही त्यांना,” त्या म्हणाल्या. “अंगाला कळतं.”

माधवराव हलकेच बाहेर निघून गेले. ते सौजन्यही शास्त्रीबुवांना सोसले नाही.

“चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस,” ते म्हणाले. “काय कमी पडलं?”

“कमी काही नाही. तुम्ही ऐकवत गेलात, मी ऐकत गेले. व्याह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, विहीणबाई, तुम्हाला काय दिसलं? मला असं कुणी विचारलं नव्हतं हो.”

रविवारी त्या केंटला गेल्या. अर्चनाने वडिलांना स्लाऊला नेले. तेथे एका तरुणाने विजेवरचा तंबोरा लावून दिला. चराचर नादाला ओ देते, हे वाक्य आले तेव्हा शास्त्रीबुवा अडखळले, त्यांनी डावीकडे पाहिले, आणि मग ते वाक्य नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. परतताना गाडीत अर्चनाने दोनदा विचारले, बाबा, बरं वाटत नाही का?

घरी आसावरीबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. साडीच्या काठाला गवत चिकटलेले होते. काय विचारायचे, ते शास्त्रीबुवांनी वाटेत निश्चित केले होते. तोंडून निघाले ते निराळेच.

“व्याही काय म्हणाले?”

 आसावरीबाई काठाचे गवत वेचू लागल्या. शास्त्रीबुवा खुर्ची ओढून समोर बसले.

“तुला काय दिसलं?”

मग त्या सांगू लागल्या. बागेत जात्याच्या तळीसारखा एक वाटोळा दगड आहे. गांडुळे खालची माती वर आणतात आणि दगड वर्षावर्षाला केसभर खचतो, तो किती खचला हे मोजण्याची तेथे सोय आहे. ज्या वाटेवर तो महापुरुष रोज फिरे, तिच्यावर त्या दोनदा चालून आल्या. दुसऱ्या वेळी मुद्दाम एकट्याच. शास्त्रीबुवांनी मध्येच एक दृष्टांत सुरू केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला. “पुढे?” ते म्हणाले.

त्या पुढे सांगू लागल्या. इतक्यात पलीकडच्या खोलीतून माधवरावांचा खोकला ऐकू आला. शास्त्रीबुवा उठले, त्यांनी दार लोटून कडी घातली, आणि परत येऊन खुर्ची आणखी जवळ ओढून बसले.