आठ दिवस

बळीरामच्या मनगटावर बसलेला डास शामलाने चिमट्याने अलगद उचलला. त्याच्याच रक्ताने पोट लालभडक, टम्म फुगलेलं. प्रयोगशाळेतल्या डासांच्या डब्यावरची जाळी एका कडेला उसवली होती, हे दोघांच्याही आता ध्यानात आलं.

"पेशंटचं रक्त पेलेला हाय ना हा, बाई?"

शामलाने डब्यावरची चिठ्ठी वाचली. अक्षर तिचंच. मागच्या सोमवारी रक्त पाजलं, आज मंगळवार. आठ दिवस.

"घाबरू नका, बळीरामभाऊ. विषाणू आधी डासाच्या पोटात रुजतो. पोटातून लाळेत उतरला, तरच चावण्यातून आपल्याला होतो. मागच्या डब्यातले आठ दिवसांचे डास मीच चिरून तपासले ना? पोटात होता, लाळ स्वच्छ."

"म्हणजे मी मौद्याले जाऊ? उद्या नातवाचं बारसं हाय."

"खुशाल जा."

बळीरामचा जीव भांड्यात पडला. पासष्ट सालच्या तापाच्या साथीत नागपूरच्या घराघरांत माणसं सांधे धरून पडली होती. त्याच्या गावी, मौद्यात मात्र तो अजून पोचला नव्हता. त्याने पिशवीतून टोपडं काढून दाखवलं. एवढुसं ते टोपडं पाहून शामलालाही हसू आलं.

"त्या मागच्या डब्यावर मीच लिवलं होतं, आठ दिवस म्हणून," पायरी उतरता उतरता तो ऐटीत म्हणाला. "सोमवारी रक्त पाजलं, दुसऱ्या सोमवारी तुम्ही चिरले. बरोबर आठ दिवस."

शामलाने बोटांच्या पेरांवर मोजलं. सात. पुन्हा मोजलं. सातच. आठवड्याला आठ दिवस तर तिच्या घरीही म्हणत. त्याला काय बोल लावायचा? तारीख न विचारता मान डोलावणारी तीच होती. सातव्या दिवसाची लाळ तिने पाहिली होती, आठव्याची कुणीच नाही.

"थांबा! जाऊ नका."

"काहून? आत्ता तर तुम्हीच म्हटलं..."

"मी चुकले. ते डास सातच दिवसांचे होते. याच्या लाळेचं मला ठाऊक नाही. तुम्हाला तिथे ताप आला, तर तिथले डास तो गावभर नेतील. बाळापर्यंतसुद्धा."

बळीरामने टोपडं मुठीत धरलं. वाद घातला नाही, हेच तिला जास्त लागलं.

व्हरांड्यातल्या खाटेवर तिने स्वतः मच्छरदाणी बांधली. तो आत जाऊन बसला.

"किती दिवस, बाई?"

आठ दिवस हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते गिळून तिने तारीख सांगितली.

"साडेचारच्या एस्टीचा कंडक्टर वळखीचा हाय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हे तरी धाडा."

मच्छरदाणीच्या कडेखालून त्याने टोपडं बाहेर सरकवलं, आणि कड पुन्हा गादीखाली नीट खोचून घेतली.