हिरव्या लेबलाची खुर्ची

आमच्या भावजींनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या किमतीला घेतलेली नाही. त्याला त्यांचाही नाइलाज आहे. विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणं हा त्यांचा धंदा. कुणाच्या घराला आग लागली की दुसऱ्या दिवशी हे हजर, आणि जळून कोळसा झालेल्या कपाटाकडे बघून ते जळण्याआधीच किती वाया गेलेलं होतं, हे घरमालकाला शांतपणे समजावून सांगणार. याला घसारा म्हणतात. ताईचं म्हणणं असं, की पहिल्या भेटीत त्यांनी तिच्याकडेसुद्धा त्याच नजरेने बघितलं होतं.

अशा माणसाची खुर्ची ताईने दान केली.

खुर्ची मागे रेलणारी, जाड खाकी कापडाची, उजव्या हातावर चहाच्या कपांचे गोल डाग पडलेली. भावजी तिच्यात झोपत. पलंगावर पाठ टेकली की त्यांचे डोळे टक्क उघडत, आणि खुर्चीत बसले की पाय लांब करायच्या आत मिटत. त्यामुळे ताई आतल्या खोलीत आणि भावजी बाहेरच्या, अशी वाटणी कैक वर्षं चालू होती. त्या कोपऱ्यात ताईला पुस्तकांचं कपाट हवं होतं. तिने दोन-तीनदा रीतसर विचारलं आणि दरवेळी भावजी "हं" म्हणाले. हे "हं" म्हणजे ऐकलेलं नाही, हे तिला संसाराच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं, पण तिने त्याचा कायदेशीर अर्थ घेतला. भावजी एका पाण्याखाली गेलेल्या गोदामाच्या पाहणीला परगावी गेले, आणि मागे जुन्या वस्तूंच्या दुकानाची गाडी येऊन खुर्ची घेऊन गेली.

हे दुकान चालतं ते लोकांना नकोशा झालेल्या सामानावर. आठवडाभरात आलेल्या मालाला एका रंगाचं लेबल लागतं, आणि महिना उलटला की त्या रंगाचा सेल. सगळं निम्म्यात. भावजी परत आले, रिकामा कोपरा बघितला, रात्रभर पलंगावर डोळे उघडे ठेवून पडले आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन उभे राहिले. खुर्चीला हिरवं लेबल लागलं होतं. त्या आठवड्यात सेल पिवळ्याचा होता.

किंमत म्हणाल तर किरकोळ. एका वेळी बाहेर जेवलो तर त्याहून जास्त बिल होतं. मी म्हटलं, मी देतो, घरी चला. भावजींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच आग लावलेली असावी. स्वतःच्या खुर्चीला, स्वतःच झिजवलेल्या खुर्चीला, पूर्ण किंमत मोजायची, तर मग जन्मभर लोकांच्या तोंडावर घसारा कापला तो कशासाठी? ते हिरव्याच्या सेलपर्यंत थांबणार होते. प्रश्न एवढाच होता की तोवर खुर्ची दुसऱ्या कुणी घेऊ नये. म्हणून ते तिच्यात जाऊन बसले.

दुकानाच्या बाईंना हे पसंत नव्हतं. चष्मा कपाळावर ठेवून हिशेब करणाऱ्या, आवाज न चढवता माणसाला वठणीवर आणणाऱ्या अशा त्या बाई. भावजींनी त्यांच्याशी किमतीबद्दल वाद घालून बघितला. खुर्ची जुनी आहे, वापरलेली आहे, आणि कुणी वापरली ते मला नक्की माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं.

"तुम्ही ती अजूनही वापरताय," बाई म्हणाल्या. "आम्ही भाडं लावलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या."

मग भावजींची दिनचर्या ठरली. सकाळी पाहणीची कामं उरकायची आणि दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत खुर्चीत. एका बाजूला बशा नसलेल्या कपांची मांडणी, दुसऱ्या बाजूला व्यायामाची सायकल, डोक्यावर तीन घड्याळं आणि तिन्हींत वेगवेगळी वेळ. गिऱ्हाईक खुर्चीकडे वळलं की भावजी धंद्याच्या आवाजात सुरू करत. डाव्या पायाला वाळवी. पाठीची पट्टी सरकलेली. कापडाला ओल धरलेली, ती दिसत नाही, पावसाळ्यात दिसेल. माणसं हात मागे घेत आणि आभार मानून व्यायामाची सायकल बघायला जात.

अडचण एकच होती. खुर्चीत बसल्यावर भावजींना झोप लागे.

आणि झोपलेले भावजी ही त्या खुर्चीची अशी जाहिरात होती की तिच्यापुढे वाळवीचं काही चालेना. शेजारून लोखंडी कपाट फरफटत नेलं जातंय, कुणीतरी सायकलवर बसून खडखडाट करतंय, आणि हा गृहस्थ तोंड उघडं टाकून गाढ. लोक थबकत. आवाज खाली आणत. एका जोडप्याने तर, हे गृहस्थ खुर्चीबरोबरच मिळतात का, अशी चौकशी केली. म्हणजे जागे राहून भावजी जेवढी किंमत पाडत, तेवढी झोपून वर चढवत. शेवटी शेवटी त्यांनी येताना घशाखाली तीन-तीन कप कॉफी ओतून बघितली. खुर्चीला कॉफी कळत नव्हती.

रोज येणाऱ्यांत एक नर्स होती. रात्रपाळीची. ती खुर्चीपेक्षा भावजींकडेच जास्त बघत बसे. भावजींनी तिला वाळवी सांगितली, ओल सांगितली, तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग तिने सरळच सांगितलं. ती राहते त्या घराच्या खाली पत्रे कापायचा कारखाना आहे. दिवसा झोप म्हणून नाही. सगळे उपाय करून झाले. अशा गोंगाटात झोपलेला माणूस तिने पहिल्यांदाच बघितला होता. तीही हिरव्याच्या सेलची वाट बघत होती.

इथे दोघांचं वैर व्हायला हवं होतं. झालं उलटंच. "काका, तुम्ही झोपा," ती म्हणाली, "मी बघते कोण येतं ते." त्यानंतर भावजी झोपत आणि ती गिऱ्हाइकांना वाळवी सांगे. नर्सने सांगितल्यामुळे वाळवी अधिक गंभीर वाटे. एकाने तर, ही माणसाला लागते का, असं विचारलं.

सेलच्या दिवशी टेम्पो घेऊन मी हजर होतो. दार उघडलं, दोघं एकदमच पोहोचली आणि दोघांनी खुर्चीचा एकेक हात धरला. भावजी रात्रभर झोपले नव्हते. नर्सही झोपली नव्हती, पण तिला निदान त्याचा पगार मिळत होता. मागे रांग तुंबली. भावजींनी त्यांची सगळी विद्या पणाला लावली. खुर्ची कशी मोडकळीला आली आहे, ती आज घरी नेणं म्हणजे उद्या फेकायला मजूर शोधणं कसं आहे, हे त्यांनी इतकं तळमळून सांगितलं की रांगेतले दोघे निघून गेले.

नर्सने ऐकून घेतलं.

"तुम्ही हिच्यात झोपता, काका," ती म्हणाली. "मला तेवढंच पाहिजे."

पाहणीला गेलेल्या घरांत भावजींना नाना तऱ्हेची माणसं भेटली होती, रडणारी, भांडणारी, खोटी बिलं दाखवणारी. असं सरळ बोलणारं कुणी भेटलं नसावं.

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि काय ते ठरवा म्हणाल्या. मग नर्सने विचारलं, काकांना झोपायला लागतं रात्री, मला दिवसा, तर एकाच खुर्चीला दोघं जड आहोत का? तिच्या घरी कारखाना. काकांच्या घरी?

"शांत आहे," भावजी म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक हिशेब उमटताना मी बघितला. निम्म्याचं निम्मं. पाव किंमत. पाव किमतीत भावजींनी आजवर काहीही घेतलेलं नव्हतं. त्यांनी ताईला फोनसुद्धा केला नाही.

खुर्ची टेम्पोत चढवली. सकाळचे साडेनऊ झाले होते, म्हणजे वेळ नर्सची होती, आणि व्यवहार म्हणजे व्यवहार. ती बसली. दुसऱ्या चौकाच्या आत झोपली. भावजी खुर्चीची पाठ धरून टेम्पोत उभे. आम्ही तिला खुर्चीसकट जिन्याने वर कसं नेलं ते आमच्या पाठींना माहीत. पण ती उठली नाही. ताईने दार उघडलं. कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट उभं होतं.

"ही कोण?" ताईने विचारलं.

"अर्धी खुर्ची," मी म्हणालो.

ताई काय बोलली ते मी लिहीत नाही, कारण ते तिला कुजबुजत बोलावं लागलं आणि त्यातली अर्धी मजा गेली. पुस्तकांचं कपाट आतल्या खोलीत गेलं. आता रोज सकाळी नर्स येते, पर्स खुंटीला अडकवते, "काकू, येऊ का," म्हणते आणि झोपते. ताईने मिक्सर लावणं सोडलं आहे. मला फोन करते तो गच्चीतून करते. संध्याकाळी नर्स उठून कपभर चहा घेते, दोघी थोडं बोलतात, ती कामावर जाते आणि भावजी आपली पाळी घेतात.

मात्र नर्सला आठवड्यातून एक रात्र सुट्टी असते, आणि कारखाना हल्ली रात्रीही चालतो. त्या रात्री ती इकडेच येते. भावजींना आत पलंगावर जावं लागतं, पाठ टेकावी लागते, आणि डोळे टक्क उघडे.

नर्सला त्या रात्रीपुरतं दुसरीकडे झोपायला सांगता येईल, असं मी ताईला सुचवलं.

"मुळीच नको," ताई म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला जागा सापडतोय. बरंच बोलायचं राहिलंय."

भावजींना मी विचारलं, काय बोलते ती? ते म्हणाले, "हं."