आतल्या दंडावरची तीन अक्षरं

नारिंगी काचांचा चष्मा. तो घातला की सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात.

तिला पोहता यायचं.

दोन बैठकांमध्ये किमान सहा आठवडे. हा कागद दारावर मीच चिकटवलाय.

जळक्या केसांचा वास माझ्या डब्यालाही येतो, असं नवरा म्हणतो.

तीन अक्षरं. मी ती इथे लिहिणार नाही.

आता जोडून सांगते. टॅटू पुसून टाकायच्या दवाखान्यात मी लेसर चालवते. डॉक्टरबाई तपासतात, यंत्र माझ्या हातात. सात वर्षांत किती तरी लोकांच्या अंगावरून मी किती तरी लोक पुसले. आणि घरी रोज सकाळी दाढी करताना नवऱ्याचा डावा हात वर जायचा, अन् आतल्या दंडावरून ती माझ्याकडे बघायची. त्याची पहिली. माझ्या आधीची.

अक्षरं फिकट होती, कडा विरलेल्या. शाई उन्हाने विटते, पण तिथे ऊन कुठून पोचणार? मग हात फिरवून फिरवून विटली असणार. असं होत नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी.

पोहण्याचं त्याने एकदाच सांगितलं होतं, तलावाजवळून जाताना, सहज. मला दोन वर्षं पुरलं.

"काढून टाकू या का ते?"

"टाक की. यंत्र तुझंच आहे."

"दुखेल."

"रोज तुझ्या हातचं जेवतो. मला काय दुखण्याची भीती घालतेस."

इतक्या पटकन हो म्हणाला, याचाही मला राग आला. जरा आढेवेढे घेतले असते तर भांडता तरी आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याला बोलावलं. डॉक्टरबाई बाहेर गेलेल्या. फॉर्म मीच भरला, घरच्या माणसाला काय विचारायचं?

वय: माहीत आहे.
ॲलर्जी: माझ्या बहिणीची. (खोडलं. नाही.)
आधी कुठे उपचार घेतलेत का: नाही.

"सही कर."

त्याने न वाचता केली.

सुरुवात हलक्या जोराने करायची असते. केली. टक, टक, टक. अक्षरांवर पांढरा फेस आल्यासारखं झालं. त्याने डोळे मिटले.

"काय आठवलं?"

"दुखतंय गं."

"डोळे का मिटलेस मग?"

"तूच म्हणालीस ना, प्रकाशाकडे बघू नकोस."

मी जोर दोन घरं वाढवला.

सहा आठवड्यांचा कागद दारावर होता. त्याला मी चौथ्याच आठवड्यात परत बोलावलं, आणि त्या वेळी आणखी एक घर वर गेले. दुसऱ्या दिवशी दंडावर फोड आले, मोठे, पाण्याने भरलेले. तो शर्टाची बाही चिकटू नये म्हणून हात लांब धरून हिंडायचा. मी मलम लावायचे. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

शाई गेली. अगदी सगळी. खपल्या पडल्या, आणि खाली तीन अक्षरं वर आली. पांढरी, उंचावलेली. आता ती डोळे मिटूनही वाचता येतात. मी वाचून पाहिली.

शेवटी त्याला डॉक्टरबाईंसमोर बसवावंच लागलं. त्यांनी बोट फिरवलं.

"यावर आधी कुठे लेसर केलं होतं?"

"नाही, मॅडम," मीच म्हणाले.

"विचारलं होतंस त्यांना?"

मी फॉर्मकडे बघत राहिले. माझंच अक्षर.

"ही कातडी आधीच भाजलेली होती, अगं. अशावर मी निम्म्या जोरानेसुद्धा भीत भीत केलं असतं. शाई काढता येते. हे काढायचं यंत्र आपल्याकडे नाही."

रस्त्यात मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"फॉर्म तू भरलास. मला वाटलं, तुला दिसलं असेल. तुझं रोजचंच काम."

तो पुढे चालत होता, डावा हात अंगापासून जरा दूर ठेवून. आता ती सवयच झाली होती.

आमची ओळख व्हायच्या आदल्या वर्षी, दुसऱ्या एका दवाखान्यात जाऊन, त्याने ते नाव काढायच्या दोन बैठका घेतल्या होत्या.