माझे ब्रेक शाबूत होते

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. लहान, चार दारांची, राखाडी. माझ्यासारख्या दहा जणी एका ओळीत उभ्या केल्या, तर माझ्या मालकांनाही नंबर वाचूनच मला ओळखावं लागलं असतं. पत्रा पातळ, टायर अरुंद, काचा हाताने फिरवून खाली करायच्या. कंपनीची सगळ्यात स्वस्त गाडी ती मीच. शोरूममधला विक्रेता गिऱ्हाइकाला माझ्यापाशी फार वेळ उभं राहू देत नसे. हळूच कोपराला धरून पुढच्या गाडीकडे न्यायचा.

मला घेतलं ते एका घड्याळजींनी. त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर वीस-पंचवीस घड्याळं आणि बसायला एक स्टूल. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, ते मोहरीएवढी चाकं चिमट्याने जागच्या जागी बसवत. सबंध दिवसात त्यांचे हात वीतभर जागेच्या बाहेर जात नसत.

त्यांनी मला चालवून बघायला बाहेर काढलं. चौकात वळताना स्टिअरिंग दोन बोटांत अलगद धरलं आणि पहिल्याच वळणावर ते हसले.

"ही बोलते," ते शेजारी बसलेल्या विक्रेत्याला म्हणाले.

विक्रेत्याला वाटलं, कुठेतरी खडखडतंय. "साहेब, ते लगेच दुरुस्त करून देतो," तो घाईघाईने म्हणाला.

मित्रांनो, फुशारकी मारत नाही, पण घड्याळजी म्हणाले ते खरं होतं. मी स्वस्त होते म्हणूनच बोलकी होते. माझ्या स्टिअरिंगला मोटरची मदत नव्हती, त्यामुळे रस्त्यावरचा खडा अन् खडा थेट हाताला कळायचा. अंगाने हलकी, म्हणून वळ म्हटलं की वळायची, थांब म्हटलं की थांबायची. टायर अरुंद असले तरी प्रामाणिक होते, घसरायच्या आधी ते कुरकुरून सांगत, "आता पुरे." माझं इंजिन छोटं, पण पायाच्या इशाऱ्याला तत्पर. गिअर टाकला की कुलपात किल्ली फिरावी तसा नेमका 'खट्' आवाज व्हायचा. आणि मजा चाखायला वेग लागत नसे. पन्नासच्या वेगात, कायदा पाळून, कुणाला न घाबरवता, माझ्यात बसणाऱ्याला आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

शेजारच्या कंत्राटदाराने एकदा भली मोठी नवी गाडी घेतली आणि घड्याळजींना कौतुकाने फिरवून आणलं.

"कशी वाटली?" उतरताना त्याने विचारलं.

"झकास. दिवाणखान्यात बसून रस्त्याचं चित्र बघतोय असं वाटलं."

कंत्राटदाराला ती स्तुतीच वाटली. आठवडाभर तो ती सांगत सुटला.

दर रविवारी सकाळी आम्ही गावाच्या पाण्याच्या टाकीमागे, टेकडीवर चढणाऱ्या वळणांच्या रस्त्याला जायचो. पुढे घड्याळजी आणि त्यांची मुलगी, मागे त्यांची बायको. मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी टिकत नसे. ती मोठी झाली तेव्हा त्याच रस्त्यावर घड्याळजींनी तिला माझ्यावर शिकवलं.

"डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर. बाकीचं बुडाला कळू दे," ते सांगत.

"बाबा, बुडाला काय कळणार?"

"डोक्याच्या आधी कळतं. गाडी घसरायला लागली की पहिली खबर तिथेच येते."

मागून बायकोचा आवाज यायचा, "दिवसभर काट्यांशी खेळता आणि रविवारी आमच्या जिवाशी!" पण एकही रविवार तिने चुकवला नाही. घरी परतलं की आधी तीच उतरायची, फाटक उघडायची, आणि मी आत येईपर्यंत ते हाताने धरून उभी राहायची. फाटकाची बिजागरी सैल होती. ते आपोआप मिटायचं.

अशी बारा वर्षं गेली. भिंगरी नोकरीला लागली, दुसऱ्या भागात राहायला गेली. घड्याळजींना साखरेचा आजार जडला. गोळ्या सुरू झाल्या, चष्मा बदलला, पण हात तसेच नेमके राहिले. बिघडत होते ते पाय.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. पूर्वी त्यांचा पाय माझ्या पेडलवर पीस टेकावं तसा टेकायचा. आता तो आदळायला लागला. कधी नको तेवढा दाब, कधी दाबच नाही. एकदा त्यांची चप्पल निसटून क्लचखाली अडकली, आणि दोन चौक ते अनवाणी पायाने चालवत होते. त्यांना पत्ताच नव्हता. मग ते पायाकडे बघायला लागले. सिग्नल सुटायच्या आधी मान खाली घालून, पाय कुठल्या पेडलवर आहे ते डोळ्यांनी पाहून घ्यायचे. ज्या माणसाने मुलीला डोळे रस्त्यावर ठेवायला शिकवलं, तो आता खाली बघत होता.

एका दुपारी ते दवाखान्यातून आले आणि माझ्यात बसले. हातात एक कागद होता. तो त्यांनी दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात, काच पुसायच्या फडक्याखाली सारून दिला. मग किल्ली फिरवली.

माझी देखभाल एक मेस्त्री करायचे. वळणावर त्यांची पत्र्याची शेड होती, दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: 'ब्रेकचे काम खात्रीने'. माणूस अबोल, पण काम चोख. काम झालं की गाडी ते स्वतः चालवून बघत आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती देत. त्यांनी माझे ब्रेक नवे घातले आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी तो रविवार आला.

आम्ही टेकडीवरून परतलो होतो. नेहमीप्रमाणे घड्याळजींची बायको आधी उतरली, फाटक उघडलं आणि भिंतीला पाठ लावून ते धरून उभी राहिली. घड्याळजींनी पहिला गिअर टाकला. मी आत शिरले. आता थांबायचं होतं. त्यांनी पाय टाकला, पण तो ब्रेकवर पडलाच नाही. तो पडला शेजारच्या ॲक्सिलरेटरवर. मी भिंतीकडे उसळले. ब्रेक लागत नाही असं वाटून त्यांनी आणखी जोर केला. मित्रांनो, ज्या तत्परतेचं मी मघाशी कौतुक सांगितलं, तीच तत्परता त्या क्षणी माझ्या अंगात होती. मला थांबता आलं नाही. सांगितलं तेच मी केलं.

ती माझ्यात आणि भिंतीत सापडली.

शेजारी धावले. कंत्राटदाराने आणि आणखी दोघांनी मला मागे ओढलं. तिच्या कंबरेखालचं सगळं चिरडलं होतं, पण ती शुद्धीवर होती. घड्याळजी माझं दार धरून ओरडत होते, "ब्रेक लागला नाही! ब्रेकच लागला नाही हो!"

त्या क्षणी ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. खोटं नंतर सुरू झालं.

पोलीस आले. घरचाच अपघात, कुणाची तक्रार नाही. 'ब्रेक निकामी' असा जबाब लिहून घेऊन ते गेले. मला ओढत मेस्त्रींच्या शेडमध्ये आणलं. माझं तोंड चेपलं होतं, पण मेस्त्रींनी खाली शिरून पाहिलं तर ब्रेकची नळी धड, तेल भरलेलं. त्यांनी दोघांना मला मागून ढकलायला लावलं आणि आत बसून पेडल दाबलं. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी पुन्हा ढकलायला लावलं. पुन्हा थांबले. मेस्त्री खाली उतरले.

"आत्ता नको," ते स्वतःशीच म्हणाले. "बाई दवाखान्यात आहेत. आत्ता नको बोलायला."

पण गाव थांबत नाही. याच मेस्त्रीने तीन आठवड्यांपूर्वी ब्रेक केले होते, ही बातमी दुसऱ्या दिवशी चौकात पोचली. शाळेची गाडी यायची बंद झाली. मग टॅक्सीवाले. शेवटी मेस्त्रींनी एकाला शेडमध्ये बोलावून माझं पेडल दाबून दाखवलं, तर तो म्हणाला, "आता दुरुस्त केलं असशील, मग दाखवतोयस." पुढच्या आठवड्यात त्यांनी रंगाचा डबा आणला आणि पाटीवरची 'खात्रीने' ही अक्षरं पुसून टाकली.

महिन्याभराने भिंगरी आली. आईला घरी आणलं होतं, पण ती अंथरुणालाच खिळली होती. माझ्यातलं सामान काढून न्यायला म्हणून भिंगरी आली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. सवयीने तिचा पाय ब्रेकवर गेला. तिने दाबला. पेडल घट्ट होतं. तिने पुन्हा दाबला, आणि माझ्याच अंगावर काटा आला असता, असा तिचा चेहरा झाला.

"मेस्त्री, ब्रेक लागतोय."

"लागतो," मेस्त्री म्हणाले. "पहिल्या दिवसापासून लागतोय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काकांनी बोलायला हवं होतं, ताई. मी बोललो तर ते भांडण होईल. ते बोलले तर ते खरं होईल."

तिने कप्पा उघडला. फडकं काढलं. खालचा कागद उलगडून वाचला. पायांच्या नसा बधिर झाल्या आहेत, वाहन चालवू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तारीख अपघाताच्या दोन महिने आधीची. भिंगरी रडली नाही. कागद घेऊन ती तडक घरी गेली.

दोन दिवसांनी ती परत आली आणि माझ्या उघड्या दारात बसून सगळं मेस्त्रींना सांगू लागली.

"आईपुढे कागद ठेवला. तिला आधीच माहीत होतं. म्हणाली, यांच्या पायातली चप्पल निसटली तरी यांना कळत नाही, हे मी वर्षभर बघतेय. मी विचारलं, मग गप्प का राहिलीस? तर म्हणाली, 'आठवडाभर हा माणूस भिंगातून बघतो. हसतो फक्त रविवारी, त्या गाडीत. एवढी एकच मौज. ती मी कशी काढून घेऊ?'"

"आणि काका?"

"बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आई त्यांना म्हणाली, 'माझे पाय गेले, त्याचं मी बघीन. पण त्या मेस्त्रीचं नाव कशाला घालवता? उद्याच जा आणि सांगून या.' बाबा हो म्हणाले."

त्या उद्याची मेस्त्रींनी वाट पाहिली. मीही पाहिली. घड्याळजी आले नाहीत. पुढच्या आठवड्यात नाहीत, पुढच्या महिन्यातही नाहीत. शेडवरून जाण्याऐवजी ते मागच्या गल्लीने दुकानात जातात, असं कुणीतरी सांगितलं. माझ्यावर धूळ साचली, टायर बसले. मेस्त्रींनी शेडचा अर्धा भाग एका सायकलवाल्याला दिला. घरी घड्याळजींची बायको दिवसेंदिवस खंगत गेली. पाठीला जखमा झाल्या, मग ताप आला, आणि एका सकाळी ती गेली.

अकरा दिवसांनी घड्याळजी शेडमध्ये आले. काठी होती, पावलं चाचपडत होती. सायकलवाल्याकडे चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत ते मोठ्याने म्हणाले, "ब्रेक चांगले होते. मी ब्रेक दाबलाच नाही. माझ्या पायाला कळत नाही, आणि ते मला माहीत होतं. मेस्त्रींची काही चूक नाही."

मेस्त्री एका इंजिनवर वाकले होते. मान वर न करता, सगळं ठाऊक असूनही, त्यांनी विचारलं,

"काकूंना हे माहीत होतं?"

"तिनेच सांगितलं होतं, जाऊन बोला म्हणून."

"कधी?"

"चार महिने झाले."

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि बाहेर निघून गेले. घड्याळजी माझ्यापाशी आले. माझ्या छतावर हात ठेवून ते उभे राहिले. त्यांचे हात अजूनही तितकेच नेमके होते. पण मला त्यांना काही सांगता येईना, आणि त्यांनाही मला.

मित्रांनो, उद्या मला तोडायला नेणार आहेत. त्याचं मला फार दुःख नाही; मोटारीचं आयुष्य तेवढंच. जाता जाता मला धुवा-पुसा असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की तुमच्या घरात कुणाचे पाय, डोळे, कान थकत चालले असतील आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर प्रेमापोटी गप्प राहू नका. त्यांच्याजवळ बसा आणि बोला. त्यांची मौज जाईल, ते रागावतील, चार दिवस अबोला धरतील. धरू द्या. आणि उद्या थकलेले पाय तुमचेच असतील, तर चावी स्वतःच्या हाताने खाली ठेवा. चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. 'चूक माझी होती' या तीन शब्दांना श्वासभर वेळ लागतो. घड्याळजींना चार महिने लागले, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकायची जिला आस होती, ती तोवर राहिली नव्हती.