उतारावरची मेथी

दोन हजार एकोणीसची गोष्ट. त्या साली माळव्यात पावसाने मुक्कामच ठोकला होता.

देवासला आमचं घर कॉलनीच्या वरच्या ओळीत होतं. मागचा उतार भरावाच्या भुसभुशीत मातीचा, आणि तो संपतो तिथे खाली चौहानांचं अंगण. आदल्या वर्षी उतारावरचा चिखल थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरला होता. म्हणून त्या साली पावसाआधीच वीरेंद्र चौहान वर येऊन मला म्हणाला, "अक्का, आपकी इज्जत करता हूँ, पण यंदा माती आली तर पूरी ढलान पे सिमेंट!" माझा मुलगा अंकुर लगेच म्हणाला, "करून टाका भिया."

सूनबाईचा चेहरा उतरला. वैष्णवीने माहेराहून, बागलीहून, सीताफळाची रोपं आणि वाळ्याचे ठोंब आणून उतारावर लावायला घेतले होते. मुळं धरायला एक पावसाळा हवा, तोवर माती थोपवायची कशी? तिने मंडीतून जुनं बारदान आणलं, पोती उसवून उतारावर अंथरली, बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि चिरा पाडून त्यांतून रोपं लावली. धारला आमच्या जुन्या घराच्या बागेत माळीबुवा नव्या हरळीवर पळसाची पानं अंथरायचे, त्याची मला आठवण झाली. मी खुर्ची टाकून बसले आणि खुंट्या वाकड्या लागल्यात हे सांगायचं काम केलं.

थोड्याच दिवसांत पोत्यांतून हिरवं काही वर आलं. बारदान मेथीदाण्याचं होतं! शिवणींत अडकलेले दाणे उगवून उतारावर मेथीचे पट्टे पडले. वैष्णवी हसली, "अक्का, बरंच झालं. माती आणखी घट्ट धरेल."

धरली असती. पण वीरेंद्रची आई जमुनाबाई रोज सकाळी पदर खोचून खालून चढायची आणि मेथी मुळासकट उपटायची. प्रत्येक जुडीबरोबर ओंजळभर माती सुटायची, पोतं वर उचललं जायचं. वैष्णवी खिडकीतून बघायची. एवढ्या मोठ्या बाईला बोलणार कसं?

मग एका संध्याकाळी साधीच सर आली आणि चौहानांच्या अंगणात चिखलाचा ओघळ उतरला. वीरेंद्र तावातावाने वर आला, मागोमाग जमुनाबाई.

"भाभी, बस हो गया. सोमवारी मिस्त्री येतोय."

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मीच विचारलं, "वीरेंद्र, आज काय जेवलास?"

"मेथी की सब्जी. क्यों?"

"आणि काल?"

"मेथी के पराठे."

"मेथी कोण आणतं रे?"

तो हळूच आईकडे वळला. जमुनाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "अरे, म्हने तो सोच्यो, अपनी बेन को खेत है!" बहीण म्हणजे मी, आणि शेत म्हणजे आमचा उतार.

"तुझ्या अंगणात आलेली माती ना, वीरेंद्र, आधी तुझ्या पोटातून गेलीय," मी म्हणाले. अंकुरला हसू आवरेना. शेवटी वीरेंद्रही हसला. "ठीक है. एक मोठा पाऊस बघू. मग मिस्त्री."

मी जमुनाबाईला माझी शिवणाची कात्री दिली. "शेंडे काप. उपटू नकोस." दुसऱ्या दिवसापासून ती मेथी न्यायला येणाऱ्या गल्लीतल्या बायकांनाच दटावू लागली, "ए, जड़ से मत उखाड़!" उचललेली पोती वीरेंद्रनेच पुन्हा ठोकली, स्वयंपाकघर त्याचं होतं ना.

ऑगस्टात रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी आम्ही सगळे खाली धावलो. अंगणात पाणी होतं, पण तळाची फरशी दिसेल इतकं नितळ. वर पोती मातीला चिकटून बसली होती आणि वाळा ताठ उभा होता. वीरेंद्रने तिथेच उभ्या उभ्या मिस्त्रीला फोन लावून नाही म्हणून कळवलं.

बारदान दिवाळीपर्यंत कुजून मातीत मिळालं. पुढे अंकुरला पीथमपूरला नोकरी लागली, म्हणून आता आम्ही धारच्या जुन्या घरी असतो. वैष्णवी इथल्या ओढ्याच्या ढासळत्या काठावर असंच काम करतेय; बारदान घेताना मेथीचंच मागते. जमुनाबाई गुडघ्यांमुळे उतार चढत नाही, खालूनच हुकूम सोडते. माझी कात्री अजून तिच्याकडेच आहे. सीताफळं धरू लागल्यापासून वीरेंद्र दर वर्षी बसने पेटी पाठवतो. देवासच्या घरात आता भाडेकरू आहेत; त्यांच्या वाट्याला त्या झाडांची किती येतात, ते मी विचारलेलं नाही.